मोजून नाही, हात लावून

माझी शेवटची पोस्टिंग जम्मूच्या पुढे, नियंत्रण रेषेजवळच्या एका चौकीवर होती. माणसं अठ्ठावीस, खेचरं चार, पाण्याचा झरा चौकीपासून सहाशे पावलं खाली. आमची इंजिनिअरांची फील्ड कंपनी. मी तिचा स्टोअर हवालदार. भगवान काकडे, राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर. स्टोअर हवालदाराचं काम मुलकी वाचकाला सांगायचं तर असं: कंपनीची प्रत्येक वस्तू किती आहे, कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. मला सांगता यायचं. माझ्या खिशात कायम यादी असे आणि कानावर पेन्सिल.

चौकीतला दुसरा पुणे जिल्हेवाला म्हणजे नायक दशरथ हिंगे. तो आंबेगाव तालुक्यातल्या निरगुडसरचा. पिंपळवंडी आणि निरगुडसर यांच्यात एका तासाचं अंतर, पण दशरथ मला परक्या मुलखातला समजायचा.

"तुमच्या जुन्नरात द्राक्षं पिकत्यात, माणसं न्हाई पिकत," तो म्हणायचा.

"आणि तुमच्या आंबेगावात?"

"आमच्याकडं दोनी. पर द्राक्षं इकतो आमी, माणसं फौजंत धाडतो."

दशरथ सुरुंगाचं काम करायचा. काम अंगात मुरलेला माणूस. पालथं पडून, लोखंडी सळईसारखा प्रॉडर तिरका धरून, बोटाबोटाने जमीन टोचत जाणारा. घाई केलेली मी कधी पाहिली नाही. कुंपणाजवळून चालताना प्रत्येक लोखंडी खांबाला, म्हणजे पिकेटला, तळहात लावून तो हलवून बघायचा. त्यावरून आम्ही त्याची टिंगल करायचो. त्याच्या मते यादी ही कागदाची गोष्ट होती आणि जमीन ही हाताची.

आम्हा दोघांचे स्टीलचे मग एकाच दिवशी इश्यू झाले होते. लंगरात, म्हणजे फौजेच्या जेवणघरात, मग बदलतात, म्हणून प्रत्येकजण मगाच्या तळाला खिळ्याने टिंबं ठोकून आपल्या नंबरचे शेवटचे तीन आकडे पाडायचा. माझे दोन-आठ-सात. दशरथचे सहा-एक-चार. त्याचे आकडे मीच ठोकून दिले होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

त्या वर्षी पाऊस जोरात झाला. झऱ्याच्या वाटेला लागून आपलीच सुरुंगांची पट्टी होती. तिला काटेरी तारेचं कुंपण, तारेवर लाल त्रिकोण. पावसात उतार घसरल्याची शंका होती. हुकूम आला: कुंपण तपासा, पाण्याची वाट मोकळी करा. चार दिवस वाट बंद होती आणि चौकीतलं पाणी संपत आलं होतं. सकाळी ०८३० ला आम्ही निघालो. दशरथ, त्याच्यामागे मी, आणि बरंच मागे पाण्याची पार्टी, खेचरं घेऊन.

माझ्या यादीत त्या कुंपणाला बेचाळीस पिकेट होते. मी वरच्या कडेला उभा राहून मोजले. बेचाळीस. पुन्हा मोजले. बेचाळीस. वायरलेस सेटवर चौकीला कळवलं, "चार्ली बोल रहा हूँ. फेन्स लाइन चेक. पिकेट बयालीस, ऑल ओके. ओव्हर."

"रॉजर. वॉटर पार्टी को कितना टाइम? ओव्हर."

"पंधरा मिनट. ओव्हर."

दशरथने मान वळवली. "काकडे, हात लावून पायलंस का?"

"मोजलेत दोनदा. सगळे हायेत."

वर ढग पुन्हा भरून येत होते, मागे खेचरं खूर आपटत होती. मग माझ्या आकड्यावर विसंबून तो उठून उभा राहिला आणि कुंपणाच्या आपल्या बाजूने चालू लागला. पिकेट बेचाळीसच होते. पण खालच्या अंगाला सगळा मातीचा थर सरकला होता आणि पिकेट, तार, त्रिकोण असं सगळं एकत्र खाली आलं होतं, आणि काही सुरुंग तारेखालून त्याच्याही पुढे सरकले होते. वाटेचा शेवटचा तुकडा कुंपणाबाहेर होता आणि त्याच तुकड्यात सुरुंगही होते. आकडा बरोबर होता. जागा चुकली होती.

वेळ ०९४०. मी सहा पावलं मागे होतो. शेवटची दिसलेली गोष्ट तारेवरचा लाल त्रिकोण. दशरथच्या पायाखाली सुरुंग फुटला. नायक दशरथ हिंगे जागच्या जागी गेला. माझ्या तोंडात, कपाळात आणि दोन्ही डोळ्यांत खडी घुसली.

चौकशी झाली. कागदावर कारण आलं, पावसाने जमीन सरकणे. माझ्या मोजणीवर कुणी बोट ठेवलं नाही. सेटवर काय बोललो ते मी हॉस्पिटलच्या खाटेवरून जसंच्या तसं सांगितलं होतं. ऐकणारे साहेब म्हणाले, "काकडे, तुम आराम करो." आंधळ्या माणसाला लोक शिक्षाही करत नाहीत, ही आंधळेपणाबाबतची माझी पहिली नोंद.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. उजवा डोळा गेला, डाव्याला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळेल. मेडिकल बोर्ड झालं आणि मी फौजेतून बाहेर पडलो. मग काही महिने आंधळ्या सैनिकांच्या एका केंद्रात राहिलो. तिथे पांढरी काठी शिकलो, ब्रेल शिकलो. खुर्च्या विणायलाही शिकवल्या. खुर्ची विणण्यात कमीपणा नाही, पण मी स्टोअरमन होतो. मला माझं काम परत हवं होतं. तसं मी बोललो तेव्हा शिकवणारे गुरुजी हसले. "सगळे पहिल्या महिन्यात असंच म्हणतात," ते म्हणाले. मी दुसऱ्या महिन्यातही तेच म्हणालो.

पिंपळवंडीला घरी आलो तेव्हा माझी ट्रंक आधीच येऊन पोचली होती. युनिटच्या पोरांनी भरून पाठवलेली. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, आत ठेवलेली यादी वाचून दाखवली. एकोणीस नग. मी मोजले, एकोणीस भरले. ट्रंक बंद केली आणि माळ्यावर टाकली. उघडून काही काढायची इच्छा नव्हती.

घर चालवायला मी फौजेचीच पद्धत लावली. इन्स्पेक्शनच्या दिवशी जवान खाटेवर आपलं किट मांडतो. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, इंचाचा फरक चालत नाही. मी घरातली प्रत्येक वस्तू तशी मांडली. दाढीचं सामान मोरीच्या कट्ट्यावर, डावीकडून ब्रश, साबण, वस्तरा, तुरटी. चपला उंबऱ्याच्या आत, टाचा भिंतीला. दरवाज्यापासून विहिरीपर्यंत चौऱ्याहत्तर पावलं. पहिल्या पंधरवड्यात मी दोनदा पडलो. दोन्ही वेळा कारण एकच. कुणीतरी मदत केली होती.

"बादली मधी व्हती," सुनंदा म्हणाली. "तुमचा पाय लागंल म्हनून सरकवली."

"मधी नव्हती. तिच्या जागेवर होती. आता ती मधी आलीये."

"बरं. आता न्हाई सरकवत."

"आणि मी कपबशी शोधताना कप हातात देत जाऊ नकोस."

"मंग काय करू? बगत बसू?"

"हो. बघत बस. आपल्या घरात ते काम तुलाच जमतं."

ती हसली. त्यानंतर आमच्या घरात वस्तू हलल्या नाहीत. गावाला मात्र हे पटवणं जमलं नाही. गावातली माणसं माझ्याशी मोठ्याने बोलायची, जणू कानही गेले आहेत. माझ्यासमोर सुनंदाला विचारायची, "हवालदार च्या घेत्यात का?" एकदा मी नारायणगावला जायला हायवेवर उभा होतो. दोन भल्या माणसांनी न विचारता माझे दंड धरले आणि मला गाडीत चढवून दिलं. गाडी नाशिकची निघाली. आळेफाट्याला उतरलो, रस्ता ओलांडून पुन्हा उभा राहिलो. तिथेही एकजण दंड धरायला आला. त्याला म्हटलं, "भाऊ, हात नको लावू. गाडीची पाटी वाच, तेवढं पुरे."

नोकरीचा शोध दोन वर्षं चालला. त्याचीही मी यादी ठेवली. सुनंदा वहीत लिहायची, मी सांगायचो. एकूण आठ ठिकाणं. एका कारखान्यात टेलिफोनवर माणूस हवा होता. मी बोर्ड चालवू शकतो हे दाखवायला तयार होतो, पण साहेब तीन वेळा बाहेर गेलेले होते. एका शाळेत घंटा द्यायला शिपाई हवा होता. "घड्याळ कसं बघाल?" त्यांनी विचारलं. मी माझं काचेचं झाकण उघडणारं घड्याळ काढून, काट्यावर बोट ठेवून वेळ सांगितली. वेळ बरोबर निघाली, आणि त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे. ती नोकरीही मिळाली नाही. एका पतसंस्थेने नकाराऐवजी शाल आणि नारळ दिला. नकाराचं कारण विचारलं की सगळीकडे एकच उत्तर. "तुमची काळजी वाटते." माझ्या काळजीपोटी आठ ठिकाणी मला बेकार ठेवलं गेलं.

नववं ठिकाण मी शोधलं नव्हतं. नारायणगावच्या बाजारपेठेत कांतीलालशेठचं पंप आणि हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, शेठ मात्र मराठी आमच्यासारखंच बोलायचे. मी विहिरीच्या पाइपाला नट आणायला गेलो होतो. शेठ एका पत्र्याच्या डब्यात खुळखुळ करत शोधत होते. डब्यात सगळ्या मापाचे नट एकत्र.

"शेठ, तो डबा इकडे द्या."

"अहो, तुम्ही कसे..."

"द्या तर."

मी पंचा पसरला आणि डबा ओतला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सूत एका ढिगात, तीन सूत दुसऱ्या, चार सूत तिसऱ्या. आटे झिजलेले वेगळे. शेवटी एक हाडकासारखी वस्तू हाताला लागली. "हे काय?"

"सुपारी," शेठ म्हणाले. "वडिलांची असेल. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर लागलो. शेठ सूर्यास्ताच्या आत जेवायचे, त्यामुळे दुकान साडेपाचला बंद. मला ते सोयीचं होतं, सहाची गाडी मिळायची. पहिले तीन महिने मी फक्त दुकान मांडलं. डाव्या भिंतीला नट-बोल्ट, मापाच्या क्रमाने. समोर फूट व्हॉल्व्ह, पाइपाचे जोड, पॅकिंग. उजव्या भिंतीला बेअरिंगचे चोवीस खण. शटर उघडल्यावर मी भिंतीवरून हात फिरवत हजेरी घ्यायचो. गिऱ्हाइकं सुरुवातीला बिचकायची, मग मजा बघायला थांबायची, मग सवय झाली. "हवालदार, झिजलेला हाय का वो ह्यो?" म्हणत वस्तू हातात ठेवू लागली. पाच वर्षांत माझ्या हातून एकही चुकीचा माल गेला नाही. मला वाटलं, ही लढाई जिंकली.

मग दिवाळी आली.

आमच्याकडच्या व्यापाऱ्यांत लक्ष्मीपूजनाआधी दुकान पार रिकामं करायची रीत आहे. प्रत्येक खोकं बाहेर, भिंतींना रंग, मग सगळं पुसून परत आत. आधीच्या वर्षांत शेठ फक्त गल्ल्याची बाजू आवरायचे. त्या वर्षी त्यांच्या घरी नवी सून आली होती, म्हणून सगळं दुकान काढायचं ठरलं. शेठ मला म्हणाले, "हवालदार, तुम्ही कशाला धुळीत? तीन दिवस घरी आराम करा. एक खोकं हलणार नाही, जिथलं तिथे ठेवतो."

शेठ शब्दाचे पक्के. घरच्या बायकांनी आणि हमालांनी सगळं जिथलं तिथे ठेवलंही. फक्त बेअरिंगच्या दोन ओळी बदलल्या. बासष्टच्या मालिकेची निळी खोकी खाली आणि त्रेसष्टची लाल खोकी वर ठेवली, कारण रस्त्यावरून लाल ओळ चांगली दिसत होती. कुणाला वाटलंही नाही की हे सांगायला हवं. डोळस माणसाला तो बदल एका नजरेत कळणार होता.

पाडव्यानंतर मी कामावर आलो. हजेरी घेतली. चोवीस खण. हात फिरवला, चोवीसही भरलेले. रंगाचा वास, बाकी सगळं जसंच्या तसं. दहाच्या सुमारास खोडदचा सोपान पायमोडे आला. मोटारीचं बेअरिंग गेलं होतं. बासष्ट-शून्य-पाच. मी हात वर केला, खोकं काढलं, सीलबंद होतं, त्याच्या हातात दिलं. खोकं किंचित मोठं वाटलं. मनात आलं, कंपनीने खोकं बदललं असेल. फोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपान दुकानात शिरला तो ओरडतच.

"आवं शेठ, ह्यो काय परकार! त्रेसष्ट दिलंय मला! काल आख्खी लाइट ग्येली, मिस्त्री बसून ऱ्हायला. माझी टमाट्याची रोपं माना टाकायला लागल्यात!"

शेठ उठले. "थांब, थांब. चुकून झालं असेल."

"चुकून? आंदळा मानूस बसिवलाय काउंटरला, चुकंल न्हाई तर काय!"

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यातलं एक म्हणालं, "जाऊ दे राव. डोळं न्हाईत त्यांना."

मला सोपानचा राग आला नाही. त्याची रोपं वाळत होती. राग आला तो या दुसऱ्या माणसाचा. शेठनी सोपानला बसवलं, त्याच्यासाठी पाणी मागवलं आणि मला मागच्या बाजूला नेलं. हळू आवाजात बोलले.

"हवालदार, वाईट वाटून घेऊ नका. आता तुम्ही असं करा, माझ्या शेजारी गादीवर बसा. लोकांशी बोला. माल मी काढत जाईन. पगार आहे तोच. फौजी माणूस दुकानात बसलाय, तेवढं मला बास आहे."

हे बोलणं मी नीट ओळखत होतो. ही शाल आणि नारळाची दुसरी आवृत्ती होती.

"शेठ, चूक कुणाची?"

"कुणाची नाही. बायकांनी ओळ बदलली. तुम्हाला कसं दिसणार?"

"दिसायचा प्रश्न नाही. खोकं हाताला मोठं लागलं होतं. मी फोडलं नाही. चूक माझी. फौजेत जवान चुकला तर त्याला साहेबांपुढे पेशीला उभा करतात. मला पेशीला उभा करा. बोला, दंड लावा. पण डोळे नाहीत म्हणून माफ करू नका."

"अहो, पण आंधळ्या माणसाला..."

"ही आंधळ्याची चूक नाही, शेठ. ही स्टोअरमनची चूक आहे. माझी सगळ्यात मोठी चूक मी दोन्ही डोळे शाबूत असताना केली. बेचाळीस खांब मोजले, हात एकालाही लावला नाही. माणूस गेला. आज परत तेच केलं. खण मोजले, माल बघितला नाही. मला काढायचं तर या कारणासाठी काढा. गादीवर बसवू नका."

बाहेर सोपान पाणी पिऊन तांब्या आपटत होता. त्या बेचाळीस खांबांबद्दल चौकशीनंतर मी त्या दिवसापर्यंत सुनंदाशिवाय कुणाशी बोललो नव्हतो.

"मग आता काय करणार?" शेठनी विचारलं.

"चुकीचा माल गेला तर स्टोअरमन स्वतः जाऊन बदलून देतो. मी खोडदला जातो."

मी उजव्या भिंतीपाशी गेलो. खालच्या ओळीतलं खोकं काढलं, फोडलं, बेअरिंग बाहेर काढलं. बासष्ट आणि त्रेसष्ट, दोघांचं आतलं भोक सारखंच. नुसता अंगठा घालून फरक कळत नाही. बाहेरचा घेर मुठीत धरावा लागतो. धरला. बासष्ट. मग शेजारचं फोडलं. तेही बासष्ट. चोवीसही खणांतलं एकेक खोकं फोडलं. वेळ सोळा मिनिटं. सोपान आता ओरडत नव्हता.

"चल," मी म्हणालो.

"कुठं?"

"तुझ्या विहिरीवर. बसवून देऊन येतो."

"मोटरसायकल हाय माझी. मागं नीट बसाल नव्हं?"

"मी मागं नीट बसतो. तू पुढं नीट बघ. दोघांत ते काम तुझं."

खोडदला शेतीपंपांची लाइट अकराला येणार होती. आम्ही पावणेअकराला पोचलो. मिस्त्री मोटार उघडून बसला होता. मला बघून त्याने सोपानला हळूच काहीतरी विचारलं. सोपान म्हणाला, "बसू दे त्येला. ऐकायचा न्हाई त्यो." मी मिस्त्रीच्या परवानगीने मोटारीच्या दांड्यावरून, म्हणजे शाफ्टवरून, बोट फिरवलं. जुनं बेअरिंग फिरून दांड्याला एक बारीक कड आली होती. काल चुकीचं बेअरिंग ठोकायच्या नादात कुणाच्या लक्षात आली नव्हती. तशीच ठेवली असती तर नवं बेअरिंग वाकडं बसलं असतं. मिस्त्रीने बोट लावून पाहिलं आणि मुकाट्याने पॉलिश पेपर मागितला. बेअरिंग बसलं. अकरा वाजून सात मिनिटांनी लाइट आली, बटण दाबलं, आणि पाणी वर आलं. त्याचा आवाज मी पाइपाला हात लावून ऐकला.

परत येताना सोपान म्हणाला, "हवालदार, सकाळी त्वांड सुटलं माझं."

"सुटायलाच हवं होतं. पुढच्या वेळी चुकलो तर पुन्हा ओरड. फक्त आंधळा म्हणून नको. काकडे म्हणून ओरड."

"बरं. काकड्या म्हनून वरडतो."

शेठनी गादीची गोष्ट पुन्हा काढली नाही. सुनेनं स्वतःच्या हाताने पाटी लिहून भिंतीवर लावली: हवालदारांना विचारल्याशिवाय खण हलवू नये. पुढच्या दिवाळीत दुकान मी रिकामं केलं आणि मीच भरलं. सून मागे उभी राहून विचारत होती, "लाल वरती चालेल का, काका?" मी म्हणालो, "चालेल. मला सांगितलंस ना, मग कुठेही चालेल." सकाळच्या हजेरीची पद्धतही बदलली. प्रत्येक खणातली एक वस्तू काढून मुठीत धरायची, मगच खण हजर.

एक काम राहिलं होतं. दशरथच्या आईला, हिराबाईंना, मी दरवर्षी एकदा भेटायला जायचो. मंचरला गाडी बदलून निरगुडसर. दरवेळी इकडचं तिकडचं बोलून परत यायचो. त्या वर्षी, खोडदनंतरच्या पहिल्या रविवारी, मी ठरवून गेलो. ओट्यावर बसलो आणि सांगितलं. बेचाळीस पिकेट. सेटवर काय बोललो. दशरथने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. काही वगळलं नाही.

हिराबाई उठून आत गेल्या. चुलीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता उठून जावं. तेवढ्यात त्या परत आल्या आणि माझ्या हातात चहा दिला.

"त्येच्या मगात दिलाय," त्या म्हणाल्या. "म्या रोज ह्यातच पिते. दुसऱ्याला न्हाई देत. तू खरं बोललास म्हनून दिला."

मग गरम होता, म्हणून मी तो खालून धरला. बोटं तळाला लागली. टिंबं. दोन. आठ. सात.

मी पुन्हा बोट फिरवलं. ट्रंका भरताना युनिटच्या पोरांनी मग बदलले होते. दोन्ही याद्यांत 'मग, स्टील, एक' असं लिहिलेलं, दोन्ही याद्या बरोबर. माझी ट्रंक मीही मोजूनच बंद केली होती. गप्प राहणं सोपं होतं. पण मी नुकतंच गप्प राहणं सोडलं होतं.

"आई, हा मग दशरथचा नाही. माझा आहे."

"काय?"

"खाली माझा नंबर आहे. त्याचा माझ्या ट्रंकेत असणार, माळ्यावर."

हिराबाईंच्या तोंडून एक आवाज आला, तो हसण्याचा आहे हे कळायला मला वेळ लागला.

"म्हंजी इतकी वर्सं म्या तुज्या मगात च्या प्याले? त्येची म्हनून तुजीच आठवन काढीत बसले व्हय रं?" मग आवाज खाली आला. "माजा आनून दे."

पुढच्या रविवारी मी मग घेऊन गेलो. आधी हात लावून खात्री केली, दोनदा. हिराबाईंना वाचता येत नव्हतं. मी त्यांचं बोट धरलं आणि तळावरच्या टिंबांवरून फिरवलं. हे सहा. हे एक. हे चार. त्यांनी हात सोडवून घेतला आणि एकट्याने फिरवलं. सहाला अडखळल्या. पुन्हा केलं. चौथ्या वेळेला तिन्ही आकडे बरोबर म्हणाल्या.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा चहाआधी त्या मग उलटा धरायच्या, बोट फिरवायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "सा, येक, च्यार." मी ओट्यावरून उत्तर द्यायचो, "नायक दशरथ हिंगे. हजर."